हेडलाईटला एलईडी घालताय? आधी मागचं रबर बघा

तेराशे रुपयांचा एच४ (अप्पर-डिप्पर एकाच बल्बात असतो तो प्रकार) एलईडी बल्ब वर्ष भरायच्या आत अर्धा मेला. अर्धा म्हणजे डिप्पर चालू, अप्पर बंद. वॉरंटी वर्षाची, म्हणून बिल घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने बल्ब बोटांत फिरवला आणि म्हणाला, "पाणी गेलंय सर. पाण्याला वॉरंटी नाही." पाणी गेलं कुठून? डूमच्या, म्हणजे काच आणि आतला चकचकीत भाग मिळून हेडलाईटचा जो गोळा असतो त्याच्या, मागच्या रबरातून. ते रबर कापलं कोणी? ह्याच पोराने, ह्याच काउंटरवर, ब्लेडने. कारण एलईडी थंड ठेवायला बल्बच्या मागे असतो तो पंखा रबरात बसत नव्हता. मालकाला हे सांगितलं तर म्हणतो, "सगळ्यांचंच कापतो, कुणाची तक्रार नाही."

भांडण अजून मिटलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्याच रागात वाचा. तरी बल्बवर अन्याय करायचा नाही.

मोटरसायकल साडेतीनशे सीसीची, गोल सात इंची डूम, कंपनीचा ६०/५५ वॅटचा (अप्पर ६०, डिप्पर ५५) हॅलोजन, म्हणजे जुना तारेचा बल्ब. दुसरी पाळी संपली की रात्री कराडहून पाटणच्या बाजूला जायचं. ज्यांनी ऊस हंगामात हा रस्ता केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली आणि पुढे गाणी इतक्या जोरात की हॉर्न त्याला ऐकू जाणारच नाही. कंपनीच्या पिवळ्या उजेडात ती ट्रॉली दिसायची तेव्हा पाय ब्रेकवर आणि जीव घशात.

एलईडी घातल्यावर ट्रॉली लांबून दिसायला लागली. ते हिवाळ्याचे महिने मी सगळ्यांना हा बल्ब घ्या म्हणून सांगत फिरलो. मीटर लावून करंट मोजला, पावणेदोन अँपिअर, म्हणजे वीस-बावीस वॅट. हॅलोजन पाच अँपिअर खातो. १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना हेडलाईट बंद करायचं बटणच नसतं, त्यांना तर ही बचत दिवसभराची.

डब्यावर मात्र "८००० ल्युमेन" छापलं होतं, ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं माप. साध्या एच४ हॅलोजनचा प्रमाणित उजेड अप्परला साधारण १६५० ल्युमेन आणि डिप्परला १०००. वीस वॅटमधून आठ हजार काढायचे तर वॅटमागे चारशे ल्युमेन हवेत, आणि चांगल्यात चांगली एलईडीसुद्धा त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबते. पण उजेड दिसत होता, म्हटलं छापू दे.

पहिली कुरकुर समोरच्यांची. मी डिप्परवर असलो तरी लोक अप्पर मारायचे. एच४च्या आत दोन तारा असतात. डिप्परची तार थोडी पुढे, आणि तिच्याखाली पत्र्याची एक छोटी वाटी. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डूमचा खालचा अर्धा भाग वापरलाच जात नाही आणि समोरच्याच्या डोळ्यात काही जात नाही. एलईडीत तारेच्या जागी पट्टीवर चिकटवलेल्या चिप्स. त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर जरी इकडेतिकडे असल्या तरी फोकसची कड, म्हणजे उजेड संपून अंधार सुरू होतो ती रेघ, फिसकटते. बल्बची कॉलर (डूममध्ये बसते ती कडी) सैल करून चिप्स बरोबर डाव्या-उजव्या बाजूला, घड्याळातल्या नऊ आणि तीनवर आणल्या, हेडलाईट जरा खाली वाकवला. फरक पडला. पुरता नाही.

आता रबर.

हॅलोजनच्या मागे जे काळं टोपीसारखं रबर असतं ना, ते फक्त धुळीसाठी आहे असं मला कोणीही सांगू नये. रबर कापलं की डूम मागून उघडा. त्यात हॅलोजन स्वतःच भट्टी असतो, काच गरम ठेवतो, आत दमट हवा शिरली तरी वाळवून टाकतो. एलईडीची उष्णता पुढे काचेकडे जातच नाही, मागे पंख्याकडे जाते. म्हणजे ओल यायला वाट करून दिली आणि वाळवणारा काढून घेतला. जूनमध्ये कोयनेकडचा पाऊस सुरू झाला आणि आठवड्याभरात काचेवर आतून दव. मग थेंब. मग डूमच्या तळाला चक्क पाणी. चकचकीत मुलाम्यावर खालून डाग आले, ते आता जन्माचे. त्या पाण्यातून फोकस असा फुटायचा की कुंभार्ली घाटात धुक्यात समोर नुसता पांढरा पडदा. एकदा चिपळूणहून येताना ट्रकच्या मागच्या लाल दिव्याला धरून वर आलो. स्वतःच्या हेडलाईटपेक्षा तो बरा होता.

मी कापलेल्या जागी सिलिकॉन भरलं. दोन पावसांत सुटलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला, तर पंख्याला हवा मिळेना आणि बल्ब तापून उजेड कमी व्हायला लागला. पंखा झाका किंवा पाणी घ्या, तिसरा पर्याय नाही. बल्ब बनवणाऱ्याला हे माहीत नसेल का? डब्यात दोन पानांचं माहितीपत्रक होतं, त्यात रबराचा उल्लेख नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. नंतर एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो, त्याने माझं निम्मं मत फिरवलं. १००/९० वॅटचा हॅलोजन घालून द्या म्हटलं, तर म्हणाला, "होल्डर वितळून हातात येईल. आधी मीटर लाव." इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.२ व्होल्ट, बल्बच्या कपलरवर (बल्बला वायर जोडते तिथे) ११.४. मधले जवळजवळ दोन व्होल्ट स्विच आणि बारीक वायर खात होते. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणजे मी शिव्या कंपनीच्या बल्बला देत होतो आणि उजेड अडकला होता वायरिंगमध्ये.

त्याने रिले टाकला, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून जाड वायर, १५ अँपिअरचा फ्यूज, सिरॅमिक होल्डर. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो. कपलरवर १२.९ आले. मजुरीसकट साडेसहाशे. त्यात साधा ६०/५५ हॅलोजन, दोनशेच्या आतला. काचेला बोट लावू नका एवढंच, तेल लागलं की त्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

उजेड एलईडीइतका पांढराशुभ्र नाही. पण कड सरळ पडते, ओल्या डांबरावर खड्डा खड्ड्यासारखा दिसतो आणि समोरचे गप्प जातात. सरळ कोरड्या हायवेवर लांबचं बघायला एलईडी अजून सरस, हे कबूल. जो फक्त तसाच चालवतो त्याने खुशाल घ्यावा, रबर न कापता बसत असेल तर.

रबर एकटं कुठे मिळेना. गाडीच्या दुकानात म्हणाले पूर्ण डूम घ्या, किंमत ऐकून बाहेर आलो. शेवटी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळालं, चाळीस रुपयांना, घट्ट बसलं. तिथल्या माणसाला विचारलं, मागचे लाईट विकता का हो? म्हणाला, विकतो की, घेत कोण नाही.

वॉरंटीवाल्या मालकाचा परवा मेसेज आला. नवीन मॉडेल आलंय, बिनपंख्याचं, रबर कापावं लागत नाही, तुमच्यासाठी हजारला. मागच्या भागाची लांबी मिलिमीटरमध्ये किती, म्हणून विचारलंय. निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.