आंबोलीत सावर फुलते तेव्हाची सकाळची फेरी : नक्की करा

आंबोलीला लोक पावसातच जातात, धबधबा, धुकं, कणीस आणि परत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाव रिकामं असतं आणि माझ्या मते जंगल बघायचं तर तेव्हाच, कारण तेव्हा कडेची सावर आणि पांगारा ही झाडं पानं टाकून फुलांनी लालभडक झालेली असतात, मागे सदाहरित झाडी मात्र हिरवीगार. आम्ही तिथल्याच एका गाईडदादांची सकाळची फेरी घेतली, माणशी 500, साडेसहाला निघायचं.

सगळ्यात आवडलं ते हे की दादा पळवत नाहीत. एका मोठ्या सावरीखाली आम्हाला बसवलं आणि म्हणाले आता हलायचं नाही, झाडच सगळ्यांना बोलावतंय. आणि खरंच! साळुंक्या, बुलबुल, टुईया पोपट, सोनकपाळी पर्णपक्षी, मध्येच भृंगराज लांब शेपटी घेऊन आला आणि सगळ्यांना हाकलून बसला. सावरीचं फूल वाटीसारखं, जाड पाकळ्यांचं, आत मध साठलेला, पक्षी त्यात तोंड घालून वर येतो तेव्हा डोकं परागांनी माखलेलं असतं आणि तोच पुढच्या फुलावर जातो. दुर्बिणीतून हे इतकं जवळून दिसलं की मुलगी पुढचा अर्धा तास बोललीच नाही. रात्री याच फुलांवर वटवाघळं येतात आणि खाली पडलेली फुलं भेकरं खातात, हे दादांनी तिथेच पडलेलं एक फूल हातात देऊन सांगितलं.

पुढे आत दाट झाडीत अंजनी फुललेली होती, अख्ख्या फांदीला निळ्याजांभळ्या बारीक फुलांचे झुबके आणि मधमाश्यांचा एवढा घूंऽऽ आवाज की आधी ऐकू येतं, मग झाड दिसतं. आग्या माश्याही (मोठ्या, डंख मारणाऱ्या मधमाश्या) होत्या, म्हणून दादांनी लांबच थांबवलं आणि परफ्यूम लावून आलेल्या एकाला मागे उभं केलं, ते बरोबरच केलं. शेकरू दिसली, एका फांदीवरून दुसरीवर काय उडी मारली! राखी धनेशाचा नुसता आवाज आला.

आता तक्रारी. ग्रुप 12 जणांचा होता, फार झाला, मागच्यांना काही ऐकू येत नाही. दुर्बीण दोनच, त्यामुळे आपली असेल तर न्याच. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवा म्हणून एकजण मागे लागला होता पण दादांनी स्पष्ट नाही म्हटलं, याचे मी वेगळे मार्क देईन, कारण हा घरटी करायचा काळ असतो आणि नसता त्रास कशाला द्यायचा.

बहर थोडेच दिवस असतो, त्यामुळे आधी फोन करून सावर फुलली का ते विचारा आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून जा. मातकट रंगाचे कपडे घाला, पाणी न्या. लहान मुलांना जमतं, चढ फारसा नाही.