वर्गणीदार कुठे जमवायचे: ईमेलवर की व्हॉट्सअ‍ॅपवर?

पुस्तक स्वतःच्या पैशाने छापलंय, निम्म्या प्रती पलंगाखाली आहेत आणि पुढच्या पुस्तकाआधी वाचक जोडायचेत. अशा वेळी सबस्टॅकवर, म्हणजे वर्गणीदारांना ईमेलने लेख पाठवायची सोय देणाऱ्या साइटवर, ईमेल-पत्र सुरू करावं की व्हॉट्सअ‍ॅप चॅनल? मी दोन्ही करून पाहिलंय.

वाचक सापडतो व्हॉट्सअ‍ॅपवर, यात वादच नाही. दादरला एका छोट्या कार्यक्रमात मी ईमेलसाठी वही फिरवली. बेचाळीस पत्ते मिळाले, त्यातल्या नऊंवरची मेल परत आली. एका काकांनी जीमेलपुढचा डॉटच खाल्ला होता. आठवड्याने एका काकूंचा फोन आला, "अरे, ते मेलबिल मी उघडतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना!"

टाकलं. पण ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ माणसं मावतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. २०२३ च्या सप्टेंबरात भारतात आलेल्या चॅनलला ही अडचण नाही. तिथली गोम वेगळी आहे: फॉलोअर हजार झाले तरी त्यांचे नंबर आपल्याला दिसत नाहीत आणि यादीही उतरवून घेता येत नाही. मासिकवाल्यांकडे वर्गणीदारांची वही असायची ना, नाव, पत्ता, वर्गणी कधी संपते? चॅनलवर ती वही कंपनीच्या कपाटात राहते. सबस्टॅकवर सगळे ईमेल पत्ते एका फाइलीत उतरवता येतात. उद्या दुकान बदललं तरी गिऱ्हाईक बरोबर येतं. माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

ईमेललाही खोडी आहेत. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढची मेल मध्येच कापतं, आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, इंग्रजीचं एकच. म्हणजे दीर्घकथा शेवटाआधीच तुटते. दोन भागांत पाठवा. तरी डोंबिवलीहून उभ्याने येणारा माणूस अर्धवट वाचलेली मेल रात्री पुन्हा काढू शकतो. चॅनलवरचा मजकूर तोवर कुठल्या कुठे वर गेलेला असतो. चारोळ्या, दोन परिच्छेदांचे किस्से लिहीत असाल तर चॅनल पुरे.

पैशांच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही. सबस्टॅक सशुल्क वर्गणीतून १० टक्के घेतं. ते सोसलं असतं, पण ती वर्गणी स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीमार्फत येते आणि भारतात स्ट्राइप २०२४ पासून नवं खातं निमंत्रणाशिवाय देत नाही. म्हणून दोन्हीकडे खाली यूपीआयचा क्यूआर लावायचा आणि कोणी किती दिले ते वहीत मांडायचं.

सध्या मी चॅनलवर लेखाचे पहिले दोन परिच्छेद टाकतो आणि खाली दुवा देतो. दुवा उघडला की सबस्टॅकची ईमेल मागणारी पाटी येते. ती पाहून काही जण पैसे मागताहेत समजून परत फिरतात, म्हणून दुव्याखाली 'फुकट आहे' असं लिहायला लागलो.

काकूंना मात्र अख्खा लेख वेगळा पाठवतो. त्याआधी त्यांच्या घरी जाऊन माझा नंबर सेव्ह करून दिला.