बिनपावतीची श्रवणयंत्रे : आमची झालेली फसवणूक

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दापोडीच्या एसटी कार्यशाळेत एकतीस वर्षे पत्रे ठोकण्याचे काम केले. निवृत्तीनंतर त्यांना आवाज येई, पण शब्द लागत नसत. नातीने ‘साखर’ म्हटले की त्यांना ‘भाकर’ ऐकू येई, आणि चारचौघांत ते हळूहळू गप्प बसू लागले होते. त्यामुळे आमच्या भागातील विरंगुळा केंद्रात मोफत श्रवणतपासणी शिबिर भरणार असल्याचे कळले, तेव्हा मीच त्यांना आग्रहाने तेथे नेले.

तपासणी सभागृहातच झाली. पंखे फिरत होते, मागे खुर्च्या सरकत होत्या, आणि पांढरा कोट घातलेल्या एका तरुणाने हेडफोन लावून दहा मिनिटांत ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढला. त्याने कानात उजेड पाडून आत पाहिलेसुद्धा नाही. दोन्ही कान बरेच गेले आहेत, सहा महिन्यांत यंत्र लावले नाही तर मेंदू शब्द ओळखणे विसरेल, असे त्याने अण्णांच्या देखत सांगितले. ऐकणे वर्षानुवर्षे कमी राहिले तर शब्द ओळखणे अवघड होऊ शकते, हे खरे आहे. सहा महिन्यांची मुदत मात्र केवळ आम्ही घाई करावी म्हणून होती, हे मला फार उशिरा समजले.

एका यंत्राची मूळ किंमत १,४५,००० रुपये, शिबिरापुरती ५५,०००, म्हणजे जोडी १,१०,००० रुपयांना, असा हिशेब शिबिरवाल्यांनी मांडला. यंत्र ‘चोवीस चॅनेलचे’, म्हणजे आवाज चोवीस पट्ट्यांत वेगवेगळा हाताळणारे, असल्याचे चार वेळा सांगितले, पण मॉडेलचे नाव एकदाही सांगितले नाही. पैसे देण्याची वेळ आली तेव्हा, पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी भरावा लागेल, रोख दिलेत तर तो माफ करतो, असे म्हणाले. जवळपास वीस हजार वाचतात या विचाराने मी १०,००० रुपये यूपीआयने आणि उरलेले एक लाख रोख दिले. श्रवणयंत्रावर जीएसटी लागतच नाही. त्यावरील कराचा दर शून्य आहे. जो कर मुळात नव्हता, तो माफ करून त्यांनी माझ्या हातातील सर्वांत भक्कम पुरावा काढून घेतला.

घरी आल्यावर यंत्रे शिट्टी वाजवू लागली. ताटावर वाटी ठेवली तरी अण्णा दचकत, आणि बोलणे पूर्वीइतकेच अस्पष्ट राहिले. फोन केला की ‘सवय होईल’ हेच उत्तर मिळे. तिसऱ्या महिन्यानंतर फोन लागेनासा झाला. मला सर्वांत जास्त लागले ते हे की अण्णांनी दोष स्वतःकडे घेतला. “माझेच कान कामातून गेलेत, यंत्र काय करणार,” असे म्हणून त्यांनी डबी कपाटात ठेवून दिली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी प्रथम डाव्या कानातून मळाचा मोठा बोळा काढला आणि मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे, पाठवले. ध्वनिरोधक खोलीत झालेल्या तपासणीचा आलेख शिबिरातल्या आलेखापेक्षा अगदी वेगळा निघाला. खालचे स्वर अण्णांना बरे ऐकू येत होते. ३,००० हर्ट्झच्या आसपास मात्र रेषा एकदम उतरत होती, जशी ती आयुष्यभर लोखंडाच्या गोंगाटात काम केलेल्या माणसांची उतरते. स, श, फ ही व्यंजने वरच्या पट्टीतच असतात. शिबिरातल्या चुकीच्या आलेखावरून यंत्रे सगळेच स्वर सारखे मोठे करत होती, म्हणून भांडी आदळत होती आणि शब्द हरवत होते. कानाच्या मापाचा मोल्ड, म्हणजे कानात घट्ट बसणारा साचा, न घेता सैल रबरी टोपी बसवल्यामुळे आवाज बाहेर गळून परत माइकमध्ये शिरत होता. शिट्टीचे कारण तेच.

त्यानंतर ऑडिओलॉजिस्टनी यंत्रे संगणकाला जोडली. सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचे नाव दिसते. ते त्या कंपनीचे सर्वांत प्राथमिक मॉडेल होते, आणि सिरीयल नंबरवरून असेही कळले की त्याची वॉरंटी आम्ही घेण्याच्या दोन वर्षे आधीच सुरू झाली होती. बाहेरचे कवच महागड्या मॉडेलसारखेच असल्याने डोळ्यांना फरक कळणे शक्य नव्हते. किमतीतला मोठा फरक आतल्या चिपचा असतो, आणि उरलेली किंमत तपासणी, मोल्ड, प्रोग्रॅमिंग व पुढील वर्षभराच्या फेऱ्या यांची असते. त्या फेऱ्याच नसतील तर उत्तम यंत्रही डबीतच पडून राहते. त्यामुळे दुकानात किंमत विचारताना यांपैकी काय काय तीत धरले आहे, हे लेखी मागावे, आणि यंत्र बसवणाऱ्याचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. मी दोन्ही केले नाही.

वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणतपासणी होते, आणि अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना उत्पन्नमर्यादेनुसार केंद्राच्या एडीआयपी योजनेतून यंत्र पूर्ण मोफत किंवा निम्म्या किमतीत मिळू शकते. शिबिराला जाण्यापूर्वी मी एवढी चौकशी केली असती तर अण्णांचे वर्ष वाया गेले नसते.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायचा अर्ज तयार केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क लागत नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. माझ्याजवळ पुरावा म्हणून यूपीआयची ती दहा हजारांची नोंद, चुकीचा आलेख आणि यंत्रांचे नंबर एवढेच आहे. त्या दिवशी सभागृहात आमच्यासोबत आणखी काही जणांनी यंत्रे घेतली होती. ज्यांच्या घरी अशी बिनपावतीची जोडी असेल त्यांनी यंत्रावर किंवा सेलच्या झाकणाच्या आत कोरलेला बारीक नंबर भिंगाने वाचून कंपनीच्या ग्राहकसेवेला कळवावा आणि वॉरंटी कोणत्या तारखेला सुरू झाली ते विचारावे.