दोन रुपयांची पडताळणी

देवगडात आमची हापूसची लहानशी बाग आहे. मार्चात पहिल्या पेट्या उतरायला लागतात आणि मुंबईची नेहमीची गिऱ्हाइकं आगाऊ पैसे पाठवून ठेवतात. ९ मार्च २०२५ ला, चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला, माझ्या खात्यात होते ते पैसे असेच, लोकांचे, ज्यांचा आंबा अजून झाडावरच होता. हे आधी सांगतोय, कारण खरी टोचणी तीच आहे.

वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मोबाइलवर त्यांना बॉल दिसत नाही, मॅच टीव्हीवरच हवी. केबलवरचे खेळाचे चॅनल मी केव्हाच काढून टाकले होते. काढणारच, २०२३ ची आयपीएल मोबाइलवर फुकट, त्याच वर्षीचा वर्ल्डकपही फुकट. मग १४ फेब्रुवारीला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं, आणि थोडा वेळ मॅच दाखवून पैसे मागू लागलं. मी १४९ रुपयांचा तीन महिन्यांचा प्लॅन घेतला. अडीचला मॅच सुरू, टीव्हीवर काही लागेना. तो प्लॅन फक्त मोबाइलचा होता, टीव्हीसाठी तेव्हा २९९ चा लागायचा. पैसे भरताना तसं लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. इथपर्यंत चूक माझी, कंपनीची नाही.

आतून दर पाच मिनिटांनी हाक, "लागली काय रे म्याच?" त्या घाईत मी इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि वर आला तो फिरवला. अ‍ॅपमध्ये मदतीचा पर्याय असतो, तो उघडायचं सुचलं नाही.

पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी अदबीने बोलत होता. "सर, दोन अ‍ॅप एक झाल्यामुळे जुन्या ग्राहकांना हा त्रास होतोय, टीव्हीचा प्लॅन मी फुकटात चालू करून देतो." मला ते पटलं, कारण दोन अ‍ॅप खरंच एक झाली होती. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाइल पाठवली, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायची फाइल. फोनने इशारा दिला, तो म्हणाला नेहमीच येतो, पुढे जा. मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग फॉर्म आला: पडताळणीसाठी दोन रुपये, त्याखाली कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. मी चष्मा लावून, एकेक आकडा तपासून भरला.

ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती, मेसेज ते अ‍ॅपच वाचून त्याला पाठवत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी २४,००० गेले. बँकेचा मेसेज बघितला आणि मी फोन उपडा ठेवून पडवीत जाऊन बसलो. कुणाला सांगायचं? बायकोला? पोरगा मुंबईत, तो म्हणेल बाबा, रोज तुम्हाला सांगतो. रविवार, बँक बंद. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. त्या लाजेत चाळीस मिनिटं गेली आणि चार बावन्नला आणखी १८,५०० गेले.

तेव्हा पोराला फोन केला. त्याने बोल लावला नाही. इंटरनेट बंद करायला लावलं, बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक कर असं माझ्या बायकोला तिच्या फोनवर सांगितलं, आणि मला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला बसवलं. तिथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम विचारतात, बँकेचे मेसेज समोर हवेत. म्हणून घाबरून ते पुसू नका. नंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार केली.

संध्याकाळी वडील घरात नाहीत. शोधायला गेलो तर शेजारच्या काकीकडे, खुर्ची टीव्हीला चिकटवून बसलेले. रोहित फटके मारत होता. काकी म्हणाली, "अरे, आमच्या छत्रीर दिसता मां, एक पैसोय लागना नाय!"

डीडी फ्री डिश, दूरदर्शनची फुकटची छत्री. २००७ च्या कायद्याने महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. माझ्या केबलवर दूरदर्शन असूनही मॅच नव्हती, ती यामुळे. आमची जुनी छत्री मात्र तीन वर्षं गोठ्याच्या पत्र्यावर, कोंबड्या बसायला.

दुसरी रक्कम वेळेत कळवल्यामुळे पुढच्या खात्यात अडकली आणि काही महिन्यांनी परत आली. पहिली तेवढ्यात कुठल्याशा एटीएममधून काढली गेली होती. बँकेत विचारलं, तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवला: ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर कळवण्याआधीचं नुकसान त्याचंच. २४,००० च्या पेट्या मी त्या मोसमात पदरचे पैसे घालून पोचवल्या. गिऱ्हाइकांना यातलं काही माहीत नाही, वडिलांनाही नाही. ते अजून सांगतात, फायनल काकीकडे काय मस्त दिसली.