कॉस्टिक सोडा फ्लेक्स, ५०० ग्रॅम: सात महिन्यांनंतर. माल चांगला, झाकण भिकार

आधी झाकणाचं. आटे जेमतेम दोन, आत पुठ्ठ्याची चकती. मेमध्ये खडखडीत असलेले फ्लेक्स जुलैत ओल्या मिठासारखे गोळा झाले. फोटो पाठवले तर कस्टमर केअरचं उत्तर, "कोरड्या जागी ठेवा." पुण्यात जुलैत कोरडी जागा कुठली दाखवता, साहेब? शेवटी एचडीपीई या कॉस्टिकला दाद न देणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाड डब्यात भरला. पाण्याच्या बाटलीत मात्र भरू नका, ती पॉलिएस्टरची, आणि कॉस्टिक पॉलिएस्टर खातं.

घेतला कशाला? थ्रीडी प्रिंटिंगची जॉबवर्कं करतो. फसलेल्या पीएलए (प्रिंटिंगचं प्लॅस्टिक, हेही पॉलिएस्टरच) तुकड्यांत बसवलेले पितळी इन्सर्ट, म्हणजे आटेवाल्या छोट्या नळ्या, फेकवत नाहीत. सोल्डरिंग गनने एकेक निघतो, पण दीडशे नग कोण काढत बसणार?

आधी अ‍ॅक्रिलिकवाल्याकडून क्लोरोफॉर्म आणला होता. पीएलए विरघळलं, पण काकवी झाली, आणि ती आट्यांत वाळून पुन्हा तेच प्लॅस्टिक. प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतच नाहीत, नुसत्या सुट्या होतात. वरून वासाने डोकं धरलं. अ‍ॅसिटोनमध्ये तर तुकडा फुगून पांढरा आणि ठिसूळ झाला, बस.

कॉस्टिकने साखळीच तुटते. तरी पहिल्या महिन्यात मी दोनच स्टार दिले होते. नुसत्या पाण्यातल्या द्रावणात चार दिवसांनी फक्त कोपरे गोल झाले. कॉस्टिक आत शिरत नाही, त्यामुळे सगळं काम वरच्या थरावर. मग निम्मं स्पिरिट (इथेनॉल) घातलं आणि दुसऱ्या दिवशी तुकडा निम्मा! स्पिरिट प्लॅस्टिकला भिजवतं, फुगवतं, शिवाय कॉस्टिकबरोबर इथॉक्साइड होऊन तेही एस्टरचे बंध कापतं. घरात होतं म्हणून आयपीएही (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घालून पाहिलं, तर दाट द्रावणावर वेगळा थर तरंगत राहिला. तुकडा तळाशी, आयपीए वर, उपयोग शून्य.

चार स्टार केले. सप्टेंबरात पुन्हा सगळं थंड, तुकडे विरघळेनात. दमट मालाला दोष देत कंपनीला तिखट मेल टाकला. नंतर हिशेब मांडला: ७२ ग्रॅम पीएलए ४० ग्रॅम कॉस्टिक खातं. माझ्या १०० ग्रॅमची ताकद १८० ग्रॅमची, आणि मी पाव किलो भंगार ढकललेलं. मेलबद्दल थोडी लाज वाटते. झाकणाबद्दल नाही, कारण दमट फ्लेक्स तोलले की पाण्याचंही वजन भरतं, म्हणजे माल कमीच पडतो.

एकदा इन्सर्टबरोबर प्रिंटरचा अ‍ॅल्युमिनियमचा हीटर ब्लॉक आत गेला. फसफसून बुडबुडे, म्हणजे हायड्रोजन, तोही स्पिरिटशेजारी! खिडक्या उघडून बाहेर पळालो. चष्मा, हातमोजे घालाच, आणि हे द्रावण गरम करायच्या भानगडीत पडू नका. पितळ काळवंडतं, पण आटे शाबूत राहतात.

मागच्या आठवड्यात दुसरा डबा मागवला. झाकण तेच.