फुटबॉलचे टीएफ बूट: नागपूरच्या मुलींनी घ्यावेत का?

घ्यावेत. पहिली जोडी तरी हीच. तळाला बारीक रबरी स्टड, म्हणजे टोकं, असलेले हे बूट दुकानात ‘टर्फ’ किंवा ‘टीएफ’ म्हणून मागायचे. नागपूर-कामठीकडची मुरमाची मैदानं दिवाळीनंतर दगडासारखी कडक होतात. एफजी म्हणजे गवताच्या मैदानासाठीच्या ‘फर्म ग्राउंड’ बुटाचे लांब स्टड त्यांत रुतत नाहीत. सगळं वजन दहा-बारा टोकांवर येतं आणि तेवढ्याच जागी तळवा ठणकतो. टीएफमध्ये ते वजन कितीतरी छोट्या टोकांवर पसरतं. शिवाय वळताना पाऊल अडकून न राहता जरासं सरकतं. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि पाऊल जागीच रोवलेलं असताना शरीर वळणं हे त्याचं नेहमीचं कारण. त्यामुळे हे सरकणं किमती आहे.

मोठा दोष मापाचा. बहुतेक जोड्या पुरुषांच्या साच्यावर बनतात. पंजा बसतो, टाच मात्र ढिली राहते आणि धावताना वर उचलली जाते. मग अर्ध्या सामन्यात फोड. त्यावर एक नंबर लहान घेण्याचा उपाय सर्रास केला जातो, तो चुकीचा आहे, त्याने अंगठ्याचं नख काळं पडतं. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, सामन्याचेच मोजे घालून बघा. अंगठ्यापुढे अर्धा ते एक सेंटीमीटर जागा हवी. टाचेसाठी नाडी वरच्या शेवटच्या भोकात त्याच बाजूने घालून फास ठेवा, समोरची नाडी त्या फासातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते.

स्वस्त जोडीत पुढचा तळ आधी उकलतो, कारण तो नुसता चिकटवलेला असतो. बूट नवे असतानाच मोच्याकडून कडेने शिवण मारून घ्या. उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, नागपूरच्या उन्हाळ्यात डिंक सुटतोच.

खरी परीक्षा स्पर्धेत होते. 2019च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत नेपाळमधल्या पोखऱ्यात भारतीय महिला एक दिवसाआड खेळल्या आणि अंतिम सामन्यात नेपाळला 2-0 हरवून त्यांनी सलग तिसरं सुवर्ण घेतलं. दोन्ही गोल बाला देवीचे. आपल्याकडच्या स्पर्धांतही असंच लागोपाठ खेळावं लागतं आणि ओला बूट तेवढ्यात वाळत नाही. सामना संपला की आतला सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी कागद बदला, सावलीत पंख्याखाली ठेवा. आणि नवी जोडी थेट सामन्यात कधीच नको. आधी तीन-चार सराव, पहिला वीस मिनिटांचा.

टीएफ हरतो तो चिखलात. पावसाळ्यातल्या शालेय सामन्यांत काळी माती स्टडच्या फटींत भरते आणि तळ सपाट होऊन पाय घसरतो. सकाळच्या दवाने ओल्या गवतावरही तेच. तिथे एफजीच लागतो. गवताच्या मैदानावर स्पर्धा असेल तर निवड कळताच एफजी घ्या, म्हणजे तो पायात रुळायला वेळ मिळेल, आणि तोवर रोजचा मुरमावरचा सराव टीएफवरच चालू ठेवा.