टमी टकची तयारी करताय? आधी या दुकानात माप देऊन या

माझं टमी टक, म्हणजे पोटाची लोंबणारी कातडी काढून फाकलेले स्नायू शिवायचं ऑपरेशन, होऊन परवा सहा आठवडे झाले. ऑपरेशन पुण्यातच झालं, पण डॉक्टरांबद्दल नंतर कधीतरी लिहीन. आज लिहितेय सदाशिव पेठेतल्या या सर्जिकलच्या दुकानाबद्दल, कारण माझे पहिले पंधरा दिवस सोपे गेले ते इथल्या काकूंमुळे.

दोन सिझेरियन झाली, धाकटा आता सहा वर्षांचा आहे. पोटाचे स्नायू मधोमध तीन बोटं फाकलेले आणि बेंबीपाशी छोटा हर्निया. दीड वर्ष फिजिओथेरपी केली, वजन 71 वरून 63 वर आणलं, पण लोंबणारी कातडी व्यायामाने जात नाही. उन्हाळ्यात त्या घडीखाली कायम पुरळ.

आधी मी एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेले होते. तिथे पोट तपासायच्या आधी हप्ते समजावले, "आज बुकिंग केलंत तर वीस हजार कमी" म्हणाले. कुठल्या गोळ्या घेता, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. मी उठून आले. दुसऱ्या ठिकाणी प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. (सर्जरीतली वरची पदवी) केलेले सर्जन होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, अजून मूल हवंय का? दुसरा, मिश्री, तंबाखू, सिगारेट काही आहे का? निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि उचलून पुन्हा शिवलेल्या कातडीला रक्त कमी पडतं, म्हणून निदान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद हवं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून माझ्या गर्भनिरोधक गोळ्या त्यांनी महिनाभर आधी थांबवल्या. व्हिटॅमिन ई आणि फिश ऑइलही बंद. हिमोग्लोबिन कमी, 10.4 निघालं, तर तारीखच दोन महिने पुढे ढकलली. तेव्हा मला रडू आलं होतं. आज वाटतं, बरं केलं.

त्यांची चिठ्ठी घेऊन मी या दुकानात आले. मनात ठरवून आले होते की कॉम्प्रेशन गारमेंट, म्हणजे ऑपरेशननंतर पोट दाबून धरणारा घट्ट कपडा, एक साइज लहानच घ्यायचं, म्हणजे पोट चांगलं आवळलं जाईल. काकूंनी टेप काढली, मला पडद्यामागे नेलं आणि कंबर, बेंबीखाली, नितंब अशी तीन मापं घेतली, एकदा उभं करून, एकदा बसवून. म्हणाल्या, "ताई, ऑपरेशननंतर आधी सूज येते. लहान घेतलंत तर बसल्यावर कड टाक्यांवर रुतेल." मग दोन गारमेंट उलटी करून काउंटरवर पसरली आणि माझं बोट धरून आतल्या शिवणीवरून फिरवलं. एकाची जाड शिवण बरोबर तिथेच येत होती जिथे माझी जखम येणार होती. दुसऱ्याची चार बोटं वर. ऑनलाइन फोटोत हे कुठे कळणार होतं?

गारमेंट लगेच वापरायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या, नळ्या निघेपर्यंत साधा वेलक्रोचा पट्टा, तो झोपल्या झोपल्या उघडता येतो. "तरी डॉक्टरांना विचारूनच बदला," असं दोनदा बजावलं. गुठळी होऊ नये म्हणून पायात घालायच्या लांब, घट्ट मोज्यांसाठी मला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, कारण संध्याकाळी पाय सुजलेले असतात आणि माप चुकतं. फुफ्फुसांच्या व्यायामाचं तीन बॉलचं स्पायरोमीटर दिलं तर मी त्यात फुंकायलाच लागले! काकूंनी माझा हात धरून थांबवलं, "फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा." त्यांच्यासमोर दोन बॉल वर गेले तेव्हा कुठे त्यांनी ते पिशवीत भरलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "अंथरुणातून कशा उठता?" मी सरळ पोटावर जोर देऊन उठायचे. आत्तापासून कुशीवर वळून, हातावर भार देऊन उठायची सवय लावा, म्हणाल्या. तीन आठवडे रोज तसंच उठले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा सिस्टरने उठायला सांगितलं तेव्हा विचार करावा लागला नाही, अंगालाच ते माहीत होतं. या एका सल्ल्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

पट्टा 550, गारमेंट 3,400, मोजे 1,900, स्पायरोमीटर 350, असे माझे 6,200 रुपये झाले. कॉस्मेटिक म्हणून मेडिक्लेम नाही, वर हॉस्पिटलच्या बिलावर 18 टक्के जीएसटी, त्यामुळे एकेक रुपया मोजत होते. मी दुसरं गारमेंट आणि व्रणावर लावायची सिलिकॉन शीटही मागत होते. काकूंनी दिली नाही. "जखम भरू दे, मग बघू."

एक तक्रार आहे. पट्ट्याचं वेलक्रो तिसऱ्या आठवड्यात सुटायला लागलं आणि वापरलेली वस्तू बदलून मिळत नाही. नियम मला पटतो, पण वेलक्रो जरा चांगल्या प्रतीचं ठेवायला हवं. आणि दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत, म्हणून सगळी खरेदी ऑपरेशनआधीच उरकून घ्या, नंतर वाकून चालताना त्या चढवणार नाहीत.

जाताना डॉक्टरांची चिठ्ठी न्या, सकाळी जा आणि साडीऐवजी लेगिंग घाला, माप नीट घेता येतं.